हूड खालून फाटतं

फाटलेलं हूड घेऊन येणारा माणूस फाटलेल्या जागेवर बोट ठेवूनच बोलायला लागतो. मी त्याला आधी हूड मिटायला सांगतो, मग परत लावायला सांगतो. ते करताना कमानी कुठे अडतात, कोणती बाजू आधी बसते, पुढची पट्टी काचेच्या चौकटीवर टेकवताना मालक कुठल्या हाताने रेटा देतो, एवढं पाहिलं की निम्मं काम कळतं. पुष्कळांना हा वेळकाढूपणा वाटतो. भोक समोर दिसतंय, ते बुजवायचं सोडून हा गाडीभोवती फेऱ्या काय मारतोय, असा चेहरा करून ते उभे राहतात. पण हूड बहुतेक वेळा आपलं आपण फाटत नाही, खालून कोणीतरी ते फाडत असतं. त्या फाडणाऱ्याला न शोधता ठिगळ मारलं, तर पावसाळा संपायच्या आत ठिगळासकट परत येतं. आणि शिव्या कापडाला पडत नाहीत, मला पडतात.

आमचं दुकान पुण्यात, नाना पेठेत. दुतर्फा मोटारीचे सुटे भाग विकणारे, मधे मधे आमच्यासारखे कुशनवाले. दुकान वडिलांनी घातलं. पाटीवर ‘कुशन वर्क्स’ असलं तरी वडिलांच्या काळापासून घर चालतं ते रिक्षांच्या हुडांवर. त्यात जीपची, जिप्सीची भर. ज्याला कन्व्हर्टिबल मोटार म्हणावं अशी गाडी दारात क्वचित येते, आणि आली की शेजारचे चार जण चहाचे ग्लास हातात घेऊन गोळा होतात. खरं तर त्या गाडीच्या हुडात आणि रिक्षाच्या हुडात तत्त्वाचा फरक काहीच नाही. लोखंडी कमानी, त्यांवर ताणलेलं कापड, आणि ऊन, वारा, पाऊस. फरक असतो तो मालकाच्या अपेक्षेत.

कामाची लाट येते वळवाच्या पहिल्या सरीबरोबर. ऑक्टोबरपासून जे हूड फक्त उन्हात भाजत होतं, ते गळतंय हे रिक्षावाल्याला त्या संध्याकाळी कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करायच्या आधीच दुकानापुढे रांग. “भाऊ, तेवढं शिवून द्या, पॅसेंजरच्या मांडीवर पाणी पडतंय.” रिक्षा दिवसभर उभी ठेवणं कोणाला परवडत नाही. त्यामुळे अशा वेळी हूड न उतरवता, चौकटीवरच ठेवून, दाभणाने हातशिलाई करायची. रिक्षाचं हूड बहुतेक वेळा फाटलेलं नसतंच, उसवलेलं असतं. कापड धड, दोरा कुजलेला. मग जुन्याच भोकांतून नवा दोरा न्यायचा, एकही नवं भोक पाडायचं नाही. हा नियम आमच्या चाचांचा. चाचा वडिलांच्या बरोबरीने दुकानात बसायचे, कातर त्यांची आणि मशीन वडिलांचं अशी वाटणी होती. नवीन पोऱ्या घाईने भलतीकडेच सुई टोचायला लागला की ते त्याच्या हातातून दाभण काढून घ्यायचे आणि म्हणायचे, “पानी को दरवाजा मत दे.”

चाचांच्या या नियमामागचं कारण कापडात आहे. हुडाचं व्हिनाइल, आम्ही ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो, ते म्हणजे एकावर एक दोन वस्तू. खाली सुती किंवा पॉलिएस्टरची वीण, वर पीव्हीसीचा थर. ताकद सगळी विणीत असते, पाणी अडवायचं काम थराचं. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे थराला पाडलेलं छिद्र. म्हणून टाका लांब ठेवायचा, इंचाला सहा, फार तर सात. शर्टासारखी बारीक शिलाई घातली तर दिसायला सुबक दिसते, पण ताण आला की त्या भोकांच्या रेषेवरून कापड सरळ सुटत जातं. सुई गोल टोकाची लागते. चामड्याची चपटी धार असलेली सुई व्हिनाइलला चीर पाडते आणि ती चीर पुढे वाढते. जोडाची दिशाही बघावी लागते. वरचं पान खालच्या पानावर यायला हवं, कौलं शाकारतात तसं, म्हणजे उतारावरून आलेलं पाणी जोडात न शिरता वरून निघून जातं. हे सगळं आमच्या वडिलांना कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. गळणारी हुडं शिकवतात.

पीव्हीसी मुळात कडक. नळाचे पाइप ज्याचे होतात तेच हे. अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रनला, गुडरिच कंपनीत वाल्डो सीमन नावाचा रसायनतज्ज्ञ 1926 साली रबर धातूला चिकटवायचं काहीतरी शोधत होता. ते राहिलं बाजूला, पण त्या खटाटोपात पीव्हीसी एका जड द्रवात विरघळवून लवचिक करता येतं हे त्याच्या हाती लागलं. आज सीट कव्हरापासून रेनकोटापर्यंत सगळं त्याच वाटेने आलेलं आहे. त्या तेलकट द्रव्याला प्लास्टिसायझर म्हणतात, आणि आमच्या धंद्याचं सगळं सुखदुःख त्यात आहे. ते कापडात कायमचं राहत नाही. उन्हाने हळूहळू उडून जातं. नव्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून जो तेलकट पडदा बसतो, तो बऱ्याच अंशी याचाच. ते गेलं की व्हिनाइल आटतं, कडक होतं आणि जिथे रोज दुमडतं तिथे आधी बारीक रेषा, मग तडा. मालकाला वाटतं आपण जपतो. हूड चकाकावं म्हणून काही जण पेट्रोलचा बोळा फिरवतात. चकाकतं खरंच, दोन दिवस. पण पेट्रोल ते द्रव्यच खेचून घेतं. थिनरचं तर नावच काढू नये, थर चिकट होतो आणि त्यावरची दाण्याची नक्षी पुसली जाते. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश याच्या पलीकडे हुडाला काही लागत नाही, हे सांगितलं की गिऱ्हाईक निराश होतं. त्याला डबा विकत घ्यायचा असतो.

ट्रायम्फ हेराल्डचं काम आलं ते अशाच एका पॉलिशवाल्या मालकाकडून. निवृत्त डॉक्टर, प्रभात रोडचे. त्यांचे वडील इंग्लंडला शिकायला होते, परतताना गाडी बोटीने आणली. हेराल्ड 1959 साली इंग्लंडात आली, रेखाटन मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं, आणि उघड्या टपाची गाडी पुढच्या वर्षी. आपल्याकडे मद्रासला 1961पासून स्टँडर्ड हेराल्ड बनायची, त्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या पुणेकराला चेहरा ओळखीचा वाटतो. तिचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं आणि अख्खं इंजिन उघडं पडतं. जमलेल्या मंडळींनी आधी तेच उघडायला लावलं. हुडाकडे कोणी बघेना.

हूड काळं. मागच्या सीटच्या वर, डाव्या बाजूला आडवी फाट, वीतभर. डॉक्टरांचं निदान तयार होतं. सोसायटीतलं मांजर. ते टपावर झोपतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि वॉचमनशी त्यावरून वादही झाला होता.

मी हूड मिटायला लावलं. परत लावताना मागची कमान किंचित कुरकुरत मागे सरकली आणि तिथेच थांबली. आत वाकून टॉर्च मारला. मांजराने ओरखडलेलं असेल तर वरचा थर निघतो आणि खालची वीण धड राहते. इथे उलटं होतं. वरून फाट सुरीने कापल्यासारखी सरळ दिसत होती, आणि आतून विणीचे धागे विरून त्यांची लव झाली होती, त्या लवेला तपकिरी रंग आला होता. तो रंग गंजाचा. कमानीचा रंग उडालेला, एका जोडावर रिव्हेटचं डोकं वर आलेलं, आणि फाट बरोबर त्या डोक्याच्या रेषेत. गंजाला सुती वीण फार आवडते, तो ती खातो. गाडी वेगात असताना टप वर फुगतो, खाली आपटतो, परत फुगतो. सिंहगड रोडला जाऊन यायचं म्हटलं तरी त्या डोक्यावर कापड किती वेळा घासलं गेलं असेल याचा हिशेब कोण ठेवणार.

पण रिव्हेट तर गाडी आली तेव्हापासून तिथेच असणार. मग आताच का? त्याचं उत्तर हुडाच्या आतल्या अंगावर लिहिलेलं होतं. सुती वीण वर्षानुवर्षं कमानीला टेकलेली असली की तिच्यावर खूण उमटते. या हुडावर दोन खुणा होत्या. एक फिकट, जुनी, सरळ. दुसरी गडद, तिच्यामागे सुमारे दोन बोटांवर, आणि डावीकडे जास्त कललेली. कमानी एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवायला पट्टे असतात, आपल्या खाटेच्या निवारीच्या जातीचे. ते पट्टे सैल पडले होते. त्यातला एक कधीतरी कोणी बदललाही होता, तो ट्रंकेला बांधायचा नायलॉनचा पट्टा होता आणि चांगलाच ताणला गेला होता. कमान मागे सरकली, आणि जिथे दुहेरी कापड होतं तिथून उतरून एकेरी कापडाखाली आली.

डॉक्टरांना मी खाली वाकायला लावून दोन्ही खुणा दाखवल्या. त्यांनी चष्मा बदलून पाहिल्या. डॉक्टर माणूस, पुरावा दाखवला की मान्य करतो. “म्हणजे मांजर निर्दोष?” म्हणाले. मी म्हटलं, झोपत असेल, पण फाडलं त्याने नाही.

पुढचा वाद मात्र ठिगळावरून झाला. त्यांची अट एकच, दिसता कामा नये.

“आतून चिकटवा आणि वरून काळा रंग मारा. सुई लावायची नाही.”

“दिसणार, डॉक्टर. कमानीवरची जागा आहे, नुसत्या चिकटीवर टिकणार नाही.”

“मग तुमच्याकडे आणून उपयोग काय?”

पुण्यात हा प्रश्न विचारला गेला की समजायचं, काम मिळालं.

न दिसणाऱ्या ठिगळाचा हट्ट मला समजतो, पण पटत नाही. वरून रंग मारून, गरम हवेने थर वितळवून फाट लपवता येते. नव्या कापडावर, ताण नसलेल्या जागी, ते चालतंही. ट्रकच्या पीव्हीसी ताडपत्रीवर तर गरम हवा आणि रूळ यांनीच जोड करतात आणि ते जोड शिलाईपेक्षा पक्के असतात. पण जुन्या, कोरड्या पडलेल्या व्हिनाइलला उष्णता फार थोडी सोसते. जरा जास्त झालं की ते तपकिरी होतं, नाकाला झोंबणारा आंबट धूर निघतो, आणि मग ठिगळाला जागाच उरत नाही. शिवाय लपवलेली फाट म्हणजे खाली कुजत राहिलेली फाट. मला दिसणारी शिलाई बरी वाटते. कोणी पुढे हूड उघडलं तर त्याला कळतं की इथे काम झालंय, कुठून कुठपर्यंत झालंय.

शेवटी ठरलं असं. वरून ठिगळ नाही, ठिगळ आतून. वरून दिसेल ती फक्त एक शिलाई, काळ्या दोऱ्याची, सरळ.

काम सुरू केलं कमानीपासून. मागची कडा सोडवली, हूड पुढे उलथवून ठेवलं. कमान पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, रेड ऑक्साइड, मग रंग. रिव्हेट काढून चपट्या डोक्याची घातली आणि वरून नमद्याची पट्टी गुंडाळली. नवे पट्टे कापताना लांबी जुन्या पट्ट्यांवरून घेण्यात अर्थ नव्हता, ते तर ताणलेले. लांबी घेतली त्या फिकट खुणेवरून. कमान तिथे आणली, सुतळीने दोन्ही कर्ण मोजले, ते सारखे आल्यावरच पट्टे ठोकले. हे सगळं होईपर्यंत फाटीला हातही लावला नव्हता, आणि डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले होते, “झालं का शिवून?”

मग सफाई. हुडावर बसलेल्या चकाकीच्या पॉलिशात सिलिकोन असतं आणि त्यावर जगातली कुठलीच चिकट धरत नाही. साबणाने धुवायचं, वाळवायचं, स्पिरिटचा हलका बोळा फिरवायचा. आतून मात्र नुसता कोरडा ब्रश, कारण सुती वीण ओली राहिली की बुरशी येते.

चिकटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ठिगळं निघतात ती बहुतेक इथेच. दुकानात सर्रास मिळतं ते पिवळं रबर सोल्युशन. चपलेला उत्तम, लाकडाला सनमायका चिकटवायला उत्तम. व्हिनाइलला लावलं की पहिल्या दिवशी इतकं घट्ट बसतं की गिऱ्हाईक खूश. पण व्हिनाइलमधलं ते तेलकट द्रव्य हळूहळू चिकटीत उतरतं आणि तिला मऊ करतं. एप्रिलच्या उन्हात ठिगळाचं टोक उचललं जातं, बोटाने ओढलं की दोरेदार लगदा हाताला येतो. व्हिनाइलला पॉलियुरेथेनची चिकट लागते, तिला त्या तेलाचा त्रास होत नाही. महाग असते, डबा एकदा उघडला की फार टिकत नाही, म्हणून सगळे ठेवत नाहीत.

ठिगळ फाटीपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठं. कोपरे गोल, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. कडा आतून तासून पातळ केल्या, नाहीतर वरून ठिगळाची चौकट उमटून दिसते. विणीची दिशा हुडाच्या विणीशी जुळवली, नाहीतर दोन कापडं ताणाखाली वेगवेगळी ओढतात आणि सुरकुती येते. फाटीचे दोन ओठ वरून कागदी पट्टीने एकत्र आणले. दोन्हीकडे चिकट लावून, बोटाच्या मागच्या बाजूला लागेनाशी झाली की ठिगळ बसवलं. आमचा पोऱ्या गाडीत मागच्या सीटवर उताणा झोपून खालून फळी धरून होता आणि मी वरून रूळ फिरवत होतो. आतून त्याचा आवाज यायचा, “दाबा, दाबा, माझी काळजी नको.”

शिलाईला दोरा घेतला सूत गुंडाळलेला पॉलिएस्टरचा. आतल्या पॉलिएस्टरने ताकद येते, आणि वरचं सूत पाणी लागलं की फुगून भोक बुजवतं. चाचांच्या वेळी नुसता सुती दोरा मेणावरून ओढून घ्यायचे, हेतू तोच. वाकडी सुई, वरून एक हात, खालून एक हात, टाक्यामागून टाका. पाणी सोडून बघायला नळी वापरत नाही, तिच्या जोराने धड हूडही गळतं. झारीने पाणी घालतो, पावसासारखं, आणि आत सीटवर वर्तमानपत्र पसरून ठेवतो. थेंब पडला तर कागदावर जागा कळते, आणि वर बघितलं की शिवणही कळते. हेराल्डचा कागद कोरडा राहिला. फक्त मागच्या पारदर्शक खिडकीच्या कोपऱ्यात एक ओला ठिपका आला.

खिडकीचं प्लास्टिक पिवळं पडून पलीकडचं काही दिसत नव्हतं, ते बदलायचंच होतं. ते काम करताना नवशिके एक गोष्ट हमखास उलटी करतात, आधी जुनं प्लास्टिक कापून टाकतात. कापलं की खिडकीचं भोक आपला आकार सोडतं, कापड लोंबतं, मग नवी खिडकी कधी सरळ बसत नाही. नवं प्लास्टिक जुन्यावरच ठेवून चारी बाजूंनी शिवून घ्यायचं आणि जुनं शेवटी आतून कापून काढायचं. डॉक्टरांना हे भयंकर आवडलं. त्यांच्या व्यवसायात असं काही करता येत नाही म्हणाले.

रिक्षावाले इतका वेळ देत नाहीत आणि त्यांना तो परवडणारही नाही, पण त्यांची युक्ती कधी कधी माझ्यावर मात करते. निवडणूक संपली की शहरभरचे फ्लेक्स उतरतात. फ्लेक्स म्हणजे जाळीवर पीव्हीसीच, फुकट मिळालेलं. पुष्कळ रिक्षांना हुडाखाली आतून फ्लेक्सचं अस्तर असतं, पांढरी बाजू वर. छापील बाजू पॅसेंजरकडे. मागे बसून वर पाहिलं की हात जोडलेले उमेदवार ओळीने दिसतात. एका रिक्षावाल्याला मी म्हटलं, उलटं लाव की, चेहरे तरी दिसणार नाहीत. तो म्हणाला, “राहू द्या भाऊ, निवडून आल्यावर तेवढंच छत दिलंय त्यांनी.” जाहिरातीचं फ्लेक्स हूड म्हणून उन्हात उभं राहत नाही, ते स्वस्तातलं आणि थोड्या दिवसांसाठीच बनवलेलं असतं. पण खऱ्या हुडाच्या खाली, सावलीत, ते बरं टिकतं.

जीपवाल्यांचं दुखणं निराळं. त्यांचं हूड कापलेलं येतं. आत ठेवलेली बॅग किंवा टेप काढायला कोणी ब्लेड मारलेलं असतं, शेजारी चेन असूनही. अशी फाट शिवायला सोपी, कारण कापड निरोगी असतं आणि खालून कोणाचा दोष नसतो. मी त्यांना एवढंच सांगतो की हुडाच्या गाडीत चोरण्यासारखं काही ठेवू नका आणि दाराला कुलूप घालू नका. कुलूप उघडायला चोराला वेळ नसतो, हुडाला मात्र एक फटका पुरतो. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

नव्या थारबरोबर 2020मध्ये मिटणाऱ्या हुडाची गाडी आली तेव्हा आम्हाला वाटलं धंद्याला पालवी फुटणार. थोडी फुटलीही. पण गिऱ्हाईक कडक टपाकडे वळलं, एसी लागतो, हमरस्त्यावर आवाज नको असतो. जी हुडं येतात ती खोक्यातून तयार येतात, चेन, वेल्क्रो सगळं लावून, आमचं काम बसवण्यापुरतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मशीनवर एकसारखं शिवलेलं ते हूड माझ्या शिलाईपेक्षा सरळ असतं. फक्त ते ज्या चौकटीवर बसायचं ती चौकट कुठल्या ना कुठल्या खड्ड्यात मुरगळलेली असते, आणि ते खोक्याला माहीत नसतं.

हूड बसवायचं काम मी शक्यतो उन्हाळ्यात घेतो. व्हिनाइल तापलं की सैलावतं, गारठलं की आखडतं. जानेवारीच्या सकाळी ओढून ताणून बसवलेलं हूड मे महिन्यात झोळ धरतं, झोळात पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्याचं वजन शिवणीवर येतं. कापड आधी दोन तास उन्हात पसरून ठेवायचं आणि मऊ असतानाच ओढून घ्यायचं. थंडीत ते थोडं आवळतं आणि तबल्यासारखं वाजेल इतकं नाही पण नीट सपाट राहतं. मिटून ठेवण्याचंही तसंच. गाडी उभी असेल तर हूड लावलेलंच बरं. महिनोन्‌महिने मिटून ठेवलं की ते त्याच घड्यांत आटतं, मग पुढची पट्टी काचेपर्यंत पोचतच नाही. ओलं मिटलं तर बुरशी आहेच. डॉक्टर नेमके उलट करत होते. वर्षभर मिटून, वर चादर घालून ठेवायचे आणि रॅलीच्या आदल्या दिवशी जोर लावून ओढायचे. पट्टे सैल पडण्यात त्या जोराचाही वाटा होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण गाडी नेताना हूड लावूनच नेली.

ठिगळ किती चालेल, असं त्यांनी जाता जाता विचारलं. ठिगळ हुडापेक्षा जास्त चालेल, असं मी म्हटलं. खरंच तसं आहे. ठिगळाचं कापड ताजं आहे, जुनं हूड त्याच्या आजूबाजूने जाणार. कमानीवरच्या घडीत बारीक रेषा दिसायला लागल्या आहेत, त्या दोन-तीन उन्हाळ्यांत तडे होतील. नवं हूड करावंच लागणार. हेराल्डची तयार हुडं इंग्लंडात आजही मिळतात. ती मागवायची की जुनं उसवून त्यावरून फर्मा काढून इथल्याच कापडात करायचं, यावर आमचं एकमत नाही. त्यांना दाण्याची नक्षी अगदी तशीच हवी आहे, मला वीण चांगली हवी आहे. इथे मिळणाऱ्या चांगल्या विणीच्या कापडावर ती नक्षी नाही. मी नमुने काढून ठेवलेत, ते येऊन बोटांनी चाचपून जातात आणि ठरवत नाहीत. इंग्लंडहून मागवलं तरी बसवायला ते नाना पेठेतच येणार, हे मी त्यांना सांगितलंय. आणायचं तर एप्रिल-मेमध्ये आणा, डिसेंबरात घेणार नाही, हेही.